पुण्यातल्या नाताळच्या पानातले आगळे पदार्थ

पुण्यातली ख्रिस्ती कुटुंबे २५ डिसेंबरला मुख्य जेवणासोबत आपापल्या घराण्याच्या चालीप्रमाणे काही पदार्थ हटकून करतात. त्यांची ही नोंद. भाजलेली कोंबडी, मटण बिर्याणी आणि प्लम केक शहरात जवळपास सगळ्यांकडे असतो. त्याच्या शेजारी वाढलेली खारवलेली जीभ, मुरलेले सोरपोतेल, पिवळा भात आणि डेव्हिल चटणी, आंबवलेल्या सोयाबीनमधले डुकराचे मांस किंवा रश्शाबरोबरची पुरणपोळी मात्र एका घरातून दुसऱ्या घरात बदलते. घराण्याचे मूळ गाव, बोली आणि पुण्यात येण्याचे निमित्त ओळखायचे असेल तर कोंबडीपेक्षा या पदार्थांकडे पाहावे.

इतके प्रकार एकाच शहरात जमले, कारण इथे ख्रिस्ती वस्ती टप्प्याटप्प्याने झाली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी आणि सैनिक होते. त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च सुरू झाले. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांची छावणी बसली. छावणीसाठी १८२५ मध्ये सेंट मेरीज चर्च आणि १८५० मध्ये आयरिश सैनिकांसाठी सेंट पॅट्रिक्स चर्च उभे राहिले. १८५८ मध्ये रेल्वे आली आणि घोरपडीच्या बाजूला अँग्लो-इंडियन कुटुंबे वाढली. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून होते. तिकडची मराठी ख्रिस्ती घरे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात येत राहिली. खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने आणि पिंपरी-चिंचवडचे उद्योग यांमुळे मल्याळी आणि तमिळ कुटुंबे आली. अलीकडे ईशान्य भारतातले विद्यार्थीही मोठ्या संख्येने आहेत.

सगळ्यांत आगळा आणि आता दुर्मिळ होत चाललेला पदार्थ म्हणजे खारवलेली जीभ. गोवेकर, ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती) आणि अँग्लो-इंडियन अशा तिन्ही घरांत ती होत आली आहे. जीभ घासून धुतात, काट्याने किंवा दाभणाने सगळीकडून टोचतात आणि तिला जाडे मीठ, लिंबाचा रस, थोडी साखर आणि चिमूटभर सोरा (सोरामीठ) चोळतात. मग ती चिनी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवतात, कारण मीठ आणि आंबट धातूला लागतात. वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. सुटलेल्या पाण्यात जीभ रोज उलटायची, पुन्हा टोचायची, पुन्हा दडपायची. हे जवळजवळ आठवडाभर चालते. त्यानंतर ती दोन-तीन तास उकडतात आणि गरम असतानाच वरची खरखरीत साल ओढून काढतात. गार झाली की साल मांसाला धरून बसते आणि निघता निघत नाही. घरातल्या जाणत्या बाईचा हात इथे कळतो: बोटे भाजत असताना साल एका ओढीत सोलली गेली पाहिजे. सोऱ्यामुळे मांस शिजल्यावरही गुलाबी राहते. पातळ काप करून, गार, पाव आणि मोहरीच्या चटणीबरोबर वाढतात. हे काप अतिशय मऊ असतात, आणि ज्यांनी फक्त नाव ऐकून नाक मुरडले आहे त्यांनी एकदा खाऊन पाहावेत असे आग्रहाने सांगावेसे वाटते. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी कायदा लागू झाल्यापासून हा पदार्थ म्हशीच्या जिभेचाच करतात. कॅम्पातल्या, म्हणजे जुन्या छावणीच्या भागातल्या, शिवाजी मार्केटमधल्या मांसाच्या गाळ्यांवर ती आधी सांगून ठेवावी लागे. मार्च २०२१ मध्ये त्या जुन्या बाजाराला आग लागली आणि बऱ्याच गिऱ्हाइकांची ठरलेली दुकाने विस्कटली.

सोरपोतेल हे गोवेकर घरांचे मानाचे ताट. डुकराचे मांस, काळीज आणि हृदय आधी उकडून बारीक चौकोनी तुकडे करतात, चरबीत परततात आणि व्हिनेगरात वाटलेल्या मसाल्यात शिजवतात. जुन्या रीतीत रक्तही घालत. मूळ पदार्थ पोर्तुगालचा. मिरची, ताडीचे व्हिनेगर आणि मुरवण्याची सवय गोव्याची. हे कधीच ताजे खात नाहीत. नाताळच्या तीन-चार दिवस आधी करून ठेवायचे, रोज एक उकळी द्यायची आणि मसाला आत शिरू द्यायचा. सोबत सान्ने, म्हणजे इडलीसारखे वाफवलेले तांदळाचे गोळे, हवेत. गोव्यात तांदळाचे पीठ ताडीने फुगवतात. पुण्यात चांगली ताडी सहजी मिळत नाही, म्हणून इथल्या घरांनी यीस्ट आणि नारळपाण्यावर भागवायला सुरुवात केली. सान्ने तसे लुसलुशीत होतात, पण ताडीचा तो किंचित आंबूस वास येत नाही, हे कबूल करायला हवे.

ईस्ट इंडियन घरांत बदकाचे मोइली, म्हणजे मसालेदार कालवण, आणि त्याबरोबर फुगे असतात. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध घालून आंबवलेले सैल पीठ मुठीतून दाबून, अंगठा आणि तर्जनीमधून गोळी काढत तेलात सोडायचे. तळताना ती गोल फुगते. मोइलीचा मसाला उन्हाळ्यात कुटून काचेच्या गडद बाटल्यांत ठासलेला बाटली मसाला असतो.

अँग्लो-इंडियन घरांत नारळाच्या दुधात हळद घालून शिजवलेला पिवळा भात, खिम्याच्या गोळ्यांची आमटी आणि डेव्हिल चटणी हे त्रिकूट असते. डेव्हिल चटणी म्हणजे कच्चा कांदा, मनुका किंवा लाल मिरची, व्हिनेगर आणि साखर वाटून केलेली लालभडक चटणी. नावाने दचकायला होते. चवीला ती आंबटगोड असते आणि जड जेवणात तोंडाला चव आणते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाजलेल्या मांसाची कांदा-मिरचीवर परतून जालफ्रेझी होते आणि सोबत मिरे-चिंचेचे पेपर वॉटर.

मराठी ख्रिस्ती घरांविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण नाताळचे जेवण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर कॅम्प उभा राहतो आणि गुरुवार पेठेतल्या पंचहौदाजवळची किंवा खडकीतली घरे विसरली जातात. इथे दिवाळी सरून महिना-दीड महिना होतो न होतो तोच चकलीचा साचा पुन्हा हातात येतो. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू असा सगळा फराळ नाताळचा म्हणून होतो आणि केक त्यात पाहुण्यासारखा बसतो. जेवणाला मटणाचा झणझणीत रस्सा. काही घरांत तीन-चार कुटुंबे मिळून बोकड घेतात आणि वाटे घालतात. अशा घरी सकाळची उपासना आटोपून आले की वजडी किंवा काळजाचे फ्राय आधी पुढे येते, मटण दुपारी. आणि त्याच दिवशी पुरणपोळीही असते. मटण आणि पुरण एका सणाला, हे ऐकून पेठेतला माणूस चमकतो. पण सण म्हणजे पुरण हा संस्कार धर्म बदलल्याने जात नाही. नगरकडच्या घरांत ही पोळी दुधाबरोबर किंवा गुळवणीबरोबर संध्याकाळी खातात, तेव्हा रस्सा संपलेला असतो.

केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतली काही घरे १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांस-मासे वर्ज्य करतात. त्यांचा उपवास नाताळच्या पहाटेच्या उपासनेनंतर अप्पम आणि स्ट्यूने सुटतो. इतरांचे मोठे जेवण दुपारचे, यांचे न्याहारीचे. नागा विद्यार्थी भाड्याच्या खोलीत धुरावलेले डुकराचे मांस अखुनीबरोबर शिजवतात. अखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन; त्याचा वास उग्र असतो आणि त्यावरून घरमालकाशी वादही होतात. सणाच्या दिवशी तरी शेजाऱ्यांनी हा वास सोसायला काय हरकत आहे?

आगळे पदार्थ जगभर असेच हाताशी असलेल्या वस्तूंतून आणि सोयीतून रुळले आहेत. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी कार्प मासा करतात आणि जिवंत आणलेला मासा न्हाणीच्या टबात ठेवण्याची चाल तिथे होती. जपानमध्ये १९७४ च्या जाहिरात मोहिमेपासून केएफसीचे तळलेले चिकन नाताळचे जेवण झाले. पुण्यात केकसाठी अशी सोय बेकऱ्यांनी केली. घरी भट्टी नसे. त्यामुळे रममध्ये भिजवलेल्या मनुका, कच्च्या पपईची टुटीफ्रुटी आणि रंगासाठी जाळलेली साखर घातलेले केकचे मिश्रण लोक डब्यातून बेकरीत नेत, नावाची चिठ्ठी लावून भाजून आणत. कॅम्पात इराणी बेकऱ्या होत्याच. त्यांतली कयानी १९५५ पासूनची.

फराळाचे ताट शेजारी पाठवणे हा या सणाचा अविभाज्य भाग आहे. ताटात कलकल असतात, म्हणजे काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर वळलेली तळणीची गोड शंखुली. गुलाबाच्या फुलाच्या साच्यातल्या रोझ कुकीज, पेरूचे चीज (म्हणजे पेरूच्या गराची वडी) आणि केकही असतो. नेवऱ्या असतात, ज्या पाहून शेजारच्या काकू ‘अहो, या तर आमच्या करंज्या’ म्हणतात. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी वेगळे ताट काढतात आणि केक अंड्याशिवाय करतात. याच शहरात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उठले होते आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले होते. आज ताट रिकामे परत येत नाही. त्यात निदान साखर असते, बहुतेकदा तिळाच्या वड्या किंवा घरचे लोणचे.

जीभ, सोरपोतेल आणि फुगे घरी करणारे हात कमी होत आहेत. नव्या पिढीतली बरीच घरे कॅम्प, वानवडी आणि घोरपडीत घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायकांकडून ते मागवतात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच नोंदणी करतात. पुरणपोळी मात्र अजून घरीच लाटली जाते.