लाइन बॅलन्सिंग

एखादे उत्पादन जोडायला लागणारी बारीकसारीक कामे जोडणीच्या लाइनवरच्या स्टेशनांमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या जागांमध्ये, अशी वाटायची, की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण सारखा वेळ यावा आणि ठरलेला मालही निघावा. या वाटपाला लाइन बॅलन्सिंग म्हणतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या वाहन आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत मराठी बोलतानाही हाच शब्द वापरला जातो.

फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात 1913 मध्ये सरकती लाइन आली आणि साडेबारा तासांची चॅसीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, जोडणी वर्षभरात 93 मिनिटांवर उतरली. कामे कशी वाटावीत, हा प्रश्न गणिताच्या भाषेत मात्र 1955 मध्ये मांडला गेला.

हिशेब टाक टाइमपासून, म्हणजे दर किती वेळाने एक नग बाहेर पडायला हवा यापासून, सुरू होतो. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाची 30 आणि दोन चहांची 20 मिनिटे वजा केली की 430 मिनिटे उरतात. तेवढ्यात 430 नग हवे असतील तर दर 60 सेकंदांना एक नग बाहेर पडला पाहिजे. एका नगाचे एकूण काम 330 सेकंदांचे असेल, तर भागाकार साडेपाच येतो, म्हणजे किमान सहा स्टेशने लागतात. सहांत काम बसले तर लाइनची कार्यक्षमता, म्हणजे स्टेशनांच्या एकूण वेळेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा, सुमारे 92 टक्के होते. सात लागली तर ती 79 टक्क्यांच्या आत येते.

सहांत बसवणे नेहमी जमतेच असे नाही. कामांना क्रम असतो: मोटारसायकलचे मागचे चाक बसल्याशिवाय चेनचा ताण लावता येत नाही. शिवाय एक बोल्ट अर्धा या स्टेशनवर आणि अर्धा पुढच्यावर आवळता येत नाही. कामे वाढली की शक्य वाटण्या इतक्या होतात की सगळ्या तपासणे संगणकालाही झेपत नाही. म्हणून ज्या कामावर पुढचे सर्वाधिक काम अवलंबून आहे ते आधी लावायचे, अशा ढोबळ रीती वापरतात.

एका स्टेशनला 70 सेकंद लागले, तर बाकी सगळे कितीही चपळ असोत, शिफ्टला 368 नगच निघतात. अशा वेळी त्या स्टेशनवरच्या माणसाला घाई करायला सांगणे हा सर्वांत वाईट उपाय. त्याच्याकडचे दहा सेकंदांचे काम, क्रम सांभाळून, रिकाम्या हाताच्या शेजाऱ्याकडे सरकवणे हा खरा. सुटा भाग हाताच्या टप्प्यात ठेवला किंवा फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा) बदलले, तरी कित्येकदा तेवढे सेकंद वाचतात.

स्टॉपवॉचने घेतलेल्या वेळेत विश्रांतीची आणि थकव्याची सूट धरावी लागते. सकाळी ताज्या हातांनी, सरावलेल्या कामगाराकडून घेतलेली वेळ नव्या ट्रेनीला आणि रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला जशीच्या तशी लावणे चूकच. स्टेशन 60 सेकंदांपर्यंत गच्च भरण्याऐवजी थोडी मोकळीक ठेवली, तर एखादा स्क्रू हातून निसटल्यावर लाइन थांबत नाही. मॉडेल, मागणी किंवा माणसे बदलली की वाटप पुन्हा करावे लागते.