पनिशर

पनिशर : अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्समधील एक पात्र. कायदा हातात घेणारे चित्रकथांतले बहुतेक नायक जीव न घेण्याचे पथ्य पाळतात; हा पाळत नाही. मूळ नाव फ्रँक कॅसल, व्हिएतनामहून परतलेला मरीन सैनिक. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याची बायको आणि दोन मुले गुंडांच्या गोळ्यांना बळी पडतात. तेव्हापासून तो गुन्हेगारांना वेचून मारत सुटतो. अंगात अद्भुत शक्ती कसलीच नाही. बंदुका आहेत आणि सूड आहे.

फेब्रुवारी १९७४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२९ व्या अंकात तो प्रथम आला, तोही प्रतिपक्ष म्हणून. स्पायडरमॅन खुनी आहे असे कोणी त्याच्या मनात भरवून देते आणि हा त्याच्या जिवावर उठतो. म्हणजे पहिल्याच कथेत त्याने चुकीच्या माणसावर नेम धरला होता (चाहते हे सोयीने विसरतात). लेखक गेरी कॉनवे यांनी त्याच्या छातीवर लहानशी कवटी काढली होती. चित्रकार जॉन रोमिटा यांनी ती छातीभर केली आणि तिचे लांब दात थेट कमरेच्या काडतूसपट्ट्यापर्यंत आणले.

त्याची स्वतंत्र मालिका १९८६ मध्ये निघाली. दोनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १९८४ मध्ये, न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ याने चार तरुणांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि गुन्हेगारीला विटलेल्या अनेकांनी त्याला डोक्यावर घेतले होते. पनिशरचे आकर्षण याच जातीचे; फरक एवढाच, की चित्रकथेत गुन्हा वाचकाच्या डोळ्यांदेखत घडतो. मरणारा दोषी आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते, म्हणून साक्षी-पुराव्यांची वाट पाहणे नुसते वेळखाऊ वाटते. प्रत्यक्षात हे कुणालाच आधी ठाऊक नसते. गेट्झच्या खटल्यातही ज्यूरीने १९८७ मध्ये त्याला हत्येच्या प्रयत्नातून सोडले आणि विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरले.

खरी पंचाईत कवटीने केली. इराकमधील अमेरिकी सैनिकांनी ती गणवेशावर आणि वाहनांवर मिरवली; पुढे ती पोलिसांपर्यंत पोहोचली. २०१७ मध्ये केंटकीतील कॅटलेट्सबर्गच्या पोलिसांनी ती गस्तीच्या गाड्यांवर लावली आणि ओरड झाल्यावर काढली. पोलीस नाकाम ठरले म्हणून जन्मलेल्या पात्राचे चिन्ह पोलिसांनीच लावावे, यातली विसंगती कॉनवे यांनी वारंवार बोलून दाखवली आहे. २०१९ च्या एका अंकात तर पनिशरलाच हे बोलावे लागले: दोन पोलीस कौतुकाने त्याला आपल्या गाडीवरची कवटी दाखवतात, तो ती टरकावतो आणि आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाचा ठेवा म्हणून सुनावतो. जानेवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदभवनावर, चालून गेलेल्या जमावातही ती कवटी दिसली. मार्व्हलने २०२२ च्या मालिकेत पनिशरला शिंगे असलेले नवे चिन्ह दिले.