सरासरी अर्धा तास म्हणजे नेमका किती वेळ?

क्लोरीन घातलेले पाणी अर्धा तास टाकीत राहिले की पिण्याजोगे होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनाही किमान 30 मिनिटांचा संपर्क आणि त्यानंतर लिटरमागे निदान 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे सांगते. मात्र टाकीतले पाणी सतत जोरात घुसळत ठेवले तर जंतू अधिक मरतील, ही समजूत चुकीची आहे.

ज्यात रासायनिक क्रिया घडते ते कोणतेही पात्र म्हणजे रिॲक्टर, आणि त्याचे गणित जमाखर्चाचे असते: आत आले त्यातून बाहेर गेले आणि क्रियेत संपले ते वजा करावे, उरेल तेवढी साठ्यात भर. (कचरा राख, धूर वा वाफेविना ‘नाहीसा’ करणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती याच हिशेबाला उतरत नाहीत, 100 किलो आत गेले तर कोणत्या ना कोणत्या रूपात 100 किलो बाहेर यावेच लागतात.)

आता जिवंत जंतूंचा हिशेब मांडू. क्लोरीनचे प्रमाण कायम असेल तर जंतू मरण्याचा वेग जिवंत जंतूंच्या संख्येच्या प्रमाणात असतो, हा ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हॅरिएट चिक यांचा 1908 चा नियम. त्यातील वेगांक (जंतू किती झपाट्याने मरतात ते सांगणारा आकडा) क आणि पाण्याचा टाकीतील सरासरी मुक्काम ट मानू. लांब नळीतून पाणी रांगेने पुढे सरकत असेल, तर क×ट = 9.2 असताना 10,000 पैकी एकच जंतू वाचतो. पूर्ण घुसळलेल्या टाकीत मात्र जी स्थिती आत तीच बाहेर पडण्याच्या तोंडाशी असते; स्थिर अवस्थेत साठा बदलत नाही, म्हणून आवक = जावक + मृत्यू, आणि वाचलेल्यांचा वाटा 1/(1+क×ट) येतो. तेवढ्याच आकारमानात सुमारे 10 टक्के जंतू जिवंत सुटतात! नळीची बरोबरी करायची तर ही टाकी हजार पटींहून मोठी हवी.

याचे कारण ‘सरासरी’ या शब्दात दडले आहे. 30 मिनिटे सरासरी मुक्काम असलेल्या घुसळत्या टाकीतून साडेनऊ टक्के पाणी पहिल्या 3 मिनिटांतच निसटते. मुक्कामाच्या काळाचे हे वाटप ब्रिटिश रसायन अभियंते पीटर डँकवर्ट्स यांनी 1953 मध्ये नीट मांडले. त्यांच्याच हाताखाली केंब्रिजमध्ये पीएच.डी. केलेले रसायन अभियंते मनमोहन शर्मा 1964 मध्ये मुंबईतील माटुंग्याच्या यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात), म्हणजे आजच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत), प्राध्यापक झाले.

यावरचा उपाय खर्चिक नाही. त्याच टाकीचे 4 समान कप्पे करून पाणी एकातून दुसऱ्यात सोडले, तर वाचणारे जंतू 0.84 टक्क्यावर येतात. 10 कप्पे केले तर 0.15 टक्क्यावर. म्हणूनच क्लोरीनच्या संपर्क टाकीत आडभिंती घालून पाण्याला नागमोडी वाट देतात. प्रत्यक्ष टाकी कशी वागते हे तपासण्यासाठी प्रवेशाशी मीठ किंवा रंगद्रव्य सोडून ते बाहेर केव्हा आणि किती येते, हे मोजतात. त्यातील पहिले 10 टक्के बाहेर पडायला लागलेला वेळच अमेरिकेतील नियमांत संपर्ककाल म्हणून धरला जातो: आडभिंती नसलेल्या टाकीच्या 30 मिनिटांपैकी जेमतेम 3 मिनिटे, उत्तम आडभिंती असतील तर 21.