पोटात भोक पडतं तेव्हा

पोटात अचानक इतकं जोरात दुखायला लागतं की नक्की किती वाजता सुरू झालं तेसुद्धा माणूस सांगू शकतो. जठराला किंवा आतड्याला आरपार भोक पडलं, म्हणजे डॉक्टर ज्याला पर्फोरेशन म्हणतात ते झालं, की बऱ्याचदा सुरुवात अशीच होते. मूतखड्याचा पेशंट कळ आली की तळमळतो, हा मात्र गुडघे पोटाशी घेऊन गप्प पडून राहतो, कारण साधा खोकला आला तरी जीव जातो, आणि पोटाला हात लावावा तर फळीसारखं कडक.

मग येते फसवी वेळ. बाहेर सांडलेलं ॲसिड पोटाच्या पोकळीत झिरपणाऱ्या पाण्याने पातळ होतं आणि काही तासांनी दुखणं चक्क कमी होतं. घरचे म्हणतात, बरं वाटतंय ना, सकाळी बघू. मला या 'सकाळी बघू'चीच सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण आत जंतू वाढतच असतात, पुढे पोट फुगतं, नाडी पळते, बीपी पडतं, लघवी कमी होते आणि मग सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे सगळ्या शरीराचे अवयव निकामी व्हायला लागतात. अल्सर फुटलेल्या पेशंटवर डेन्मार्कमध्ये झालेल्या अभ्यासात (२०१३) ऑपरेशनला उशीर झालेल्या प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी घटलेली दिसली. म्हातारी माणसं आणि स्टेरॉइडवर असलेले पेशंट यांच्यात तर पोट कडकही होत नाही कधीकधी, त्यांच्याबाबतीत जास्तच सावध राहायला हवं.

भोक पडतं कशामुळे? जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला मुख्यतः अल्सर, त्यामागे एच. पायलोरी नावाचा जंतू, सिगारेट आणि मनाने महिनोन्‌महिने घेतलेल्या पेनकिलर. खाली लहान आतड्याच्या शेवटाला टायफॉइड, तोही ताप साधारण तिसऱ्या आठवड्यात पोचल्यावर, किंवा टीबी. शिवाय अपेंडिक्स, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, पोटाला बसलेला मार.

उभं करून छातीचा एक्सरे काढला की डायाफ्रामखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याखाली, हवेची काळी चंद्रकोर दिसते, पण काही जणांत ती दिसतच नाही, मग सीटी स्कॅन करावा लागतो. ऑपरेशनमध्ये पोट धुऊन काढतात, अल्सरचं छोटं भोक असेल तर आतड्यावरचा चरबीचा पडदा त्यावर ठेवून टाके घालतात. मोठ्या आतड्याचं भोक जास्त घातक, विष्ठा पसरलेली असते, तिथे तेवढा भाग कापून काही महिने पोटावर विष्ठेसाठी पिशवी लावावी लागू शकते. आणि अल्सरवाल्याने घरी गेल्यावर एच. पायलोरीचा कोर्स अर्धवट सोडला तर तोच अल्सर परत उठू शकतो.