शरदातली शिकारी पक्ष्यांची मोजणी: हॉक माउंटनची पार्श्वभूमी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर १९३० च्या आसपास शरद ऋतूत लोक चढायचे ते बंदुका घेऊन. हा डोंगर ज्या रांगेत येतो ती किटॅटिनी ही लांबच लांब डोंगररांग. वायव्येचा वारा तिच्या उतारावर आदळून वर चढतो आणि त्याच्या उचलीवर शिकारी पक्षी फारसे पंख न हलवता दक्षिणेकडे सरकतात. माथ्यावरच्या खडकांजवळून जाताना ते कधी कधी डोळ्यांच्या पातळीलाच येतात, त्यामुळे नेम धरायला ही जागा फार सोयीची होती. त्यात १९२९ मध्ये राज्याच्या शिकार खात्यानं गॉसहॉक या मोठ्या शिकारी पक्ष्याला मारल्यास एकामागे ५ डॉलर बक्षीस लावलं. मंदीत ही रक्कम लहान नव्हती, आणि ट्रिगर ओढण्याआधी पक्षी कोणता हे पाहण्याचे कष्ट फार कमी जण घेत.

१९३२ मध्ये रिचर्ड पॉफ या पक्षीप्रेमींनी मारलेले पक्षी गोळा करून जंगलात रांगेनं मांडले आणि त्यांचे फोटो काढले. ते पाहून निसर्गरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी १९३४ मध्ये सुमारे १,४०० एकर डोंगर आधी भाड्यानं घेतला, पुढे विकतच घेतला. राखणीला मॉरिस ब्रून आणि त्यांच्या पत्नी अर्मा आले. बंदूकवाल्यांना परत पाठवता पाठवता ब्रून रोज किती पक्षी गेले याची नोंद ठेवू लागले. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर ती मोजणी आजही चालू आहे, १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर.

या नोंदींचं मोल पुढे कळलं. बाल्ड ईगल या अमेरिकी गरुडाचं डोकं आणि शेपूट पांढरी व्हायला साधारण पाच वर्षं लागतात, तोवर तो तपकिरी असतो. त्यामुळे पिल्लू कोणतं आणि प्रौढ कोणता, हे लांबूनही सांगता येतं. १९३५ ते १९३९ दरम्यान तिथून गेलेल्या ईगलपैकी सुमारे ४० टक्के त्याच वर्षीची पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू दिसलं. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात हे आकडे डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धचा पुरावा म्हणून मांडले. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन ती घरट्यातच फुटत होती. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये. नुसती एकूण संख्या लिहिली असती तर ही घसरण इतकी स्पष्ट दिसली नसती. म्हणून वय ओळखता येत असेल तर ते लिहायचंच.

मोजण्याची पद्धत दिसायला साधी आहे. दर तासाला नवी ओळ: जात, संख्या, वाऱ्याची दिशा आणि वेग, ढग, किती लांबवरचं दिसतंय. मोजायचे ते फक्त ठरलेली काल्पनिक रेषा ओलांडून दक्षिणेकडे गेलेले पक्षी. मागे वळलेले आणि तिथलेच रहिवासी वगळायचे, नाहीतर एकच पक्षी चार वेळा लिहिला जातो. सप्टेंबरच्या मध्यात ब्रॉड-विंग्ड हॉक हे शिकारी पक्षी शेकड्यांनी येतात आणि गरम हवेच्या स्तंभात गोल गोल फिरत वर चढतात. त्या घिरट्यांत मोजायला गेलात तर हिशेब चुकलाच. थांबायचं, स्तंभाच्या वरच्या टोकाला पोहोचले की ते एकामागून एक रांगेनं घसरत निघतात, तेव्हा क्लिकर (हातातलं मोजणी यंत्र) दाबायचा. थंड हवेची लाट सरून वायव्येचा वारा सुटला की दिवस चांगला जातो. निरभ्र निळं आकाश मात्र वाईट, कारण उंचावरचे ठिपके त्यात विरून जातात. पांढऱ्या ढगापुढे तेच सहज दिसतात. म्हणून आकडा कमी आला म्हणजे पक्षी कमी झाले असं एका दिवसावरूनच काय, एका हंगामावरूनही ठरवू नये.

हीच पद्धत १९७४ नंतर उत्तर अमेरिकेतल्या इतर ठाण्यांनीही सारख्या तक्त्यांवर उतरवली. मेक्सिकोत व्हेराक्रूझला डोंगर आणि आखात यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून हंगामात चाळीस लाखांहून अधिक पक्षी जातात. जॉर्जियात बातुमीजवळ काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्यामध्ये अशीच चिंचोळी वाट आहे. तिथे २००८ पासून साखालवाशो आणि शुआमता या दोन ठाण्यांवरून मोजणी होते. पक्षी दोन्हींच्या मधून गेला तर तो कोणी लिहायचा, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं.

आपल्याकडे अशी चिंचोळी वाट मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याला मिळते. नेपाळमध्ये पोखराजवळ थुलाखर्कला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पश्चिमेकडे जाणारे नेपाळी गरुड मोजले जातात. महाराष्ट्रात नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या आसपास दिसणाऱ्या अमूर ससाण्यांचं तसं नाही. द्वीपकल्प ओलांडताना ते रुंद आघाडीनं पसरतात, त्यामुळे एका टेकडीवरचा आकडा सगळ्यांचा हिशेब देत नाही. २०१३ मध्ये नागालँडमध्ये ‘नागा’, ‘पंगती’ आणि ‘वोखा’ या तीन ससाण्यांवर उपग्रह-टॅग बसवले गेले, तेव्हा अरबी समुद्रावरून आफ्रिकेपर्यंतची त्यांची वाट नकाशावर आली.