माहिती देणे वेगळे, मत घेणे वेगळे

अमेरिकेतील राज्य न्यायालये वांशिक समतेसाठी काय करतात, याविषयी मराठीत वाचताना एक गोष्ट सतत खटकते: लोकांसाठी योजलेला प्रत्येक कार्यक्रम ‘लोकसहभाग’ या एकाच नावाखाली टाकला जातो. शाळकरी मुलांच्या न्यायालय-भेटी, स्पॅनिश भाषेतील पत्रके, हक्कांची ओळख करून देणारी व्याख्याने ही जनजागृती होय. आपल्याकडील कायदेविषयक शिबिरांमुळे ती सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही. सहभागात न्यायालय विचारते आणि लोक सांगतात, हेही उघड आहे.

खरी गल्लत पुढे होते. लोकांचे म्हणणे ऐकून घेतले की सहभाग झाला, असे मानले जाते. माझ्या मते, त्या म्हणण्यामुळे न्यायालयाचा स्वतःचा नियम बदलू शकत असेल, तरच त्याला सहभाग म्हणावे. वॉशिंग्टन राज्यात हे घडले. कारण न देता एखाद्याला ज्युरीतून वगळण्याच्या वकिलांच्या अधिकाराचा वांशिक गैरवापर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या बॅटसन निकालात वंशावरून असे वगळण्यास मनाई केल्यानंतरही थांबला नव्हता, कारण भेदभावाचा हेतू सिद्ध करणे अतिशय अवघड होते. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने नव्या नियमाचा मसुदा मांडला, त्यावर हरकती-सूचना आल्या, निरनिराळ्या बाजूंच्या लोकांचा कार्यगट बसला, आणि 2018 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सामान्य नियम 37’ स्वीकारला. आता हेतू सिद्ध करावा लागत नाही. वगळण्यामागे वंश हे एक कारण असू शकते असे जाणत्या त्रयस्थाला वाटण्याजोगे असेल, तर ते वगळणे नामंजूर होते. पोलिसांवर विश्वास नाही, राहत्या वस्तीत गुन्हे जास्त होतात, इंग्रजी मातृभाषा नाही, ही कारणे तर मुळातच अग्राह्य धरली जातात. पोलिसांचा जाच सोसलेल्या माणसाचा अविश्वासच त्याला ज्युरीबाहेर काढण्यासाठी वापरला जात असे, हे पत्रके वाटून कधीच बदलले नसते.

चालू खटल्यांवर मात्र न्यायालय लोकांशी अशी चर्चा करत नाही. विषय कारभाराचा आणि नियमांचाच असतो.

कर्मचाऱ्यांबाबतही हाच घोळ होतो. त्यांना पूर्वग्रहांविषयी प्रशिक्षण देणे आवश्यकच आहे, पण त्यात बोलणारा प्रशिक्षक असतो. याउलट, न्यूयॉर्कमध्ये 2020 साली अमेरिकेचे माजी अंतर्गत सुरक्षा मंत्री जे जॉन्सन यांनी राज्याच्या मुख्य न्यायाधीशांच्या सांगण्यावरून न्यायाधीश, कर्मचारी आणि वकिलांशी बोलून अहवाल तयार केला, तेव्हा न्यायालयांच्या आत चालणाऱ्या वंशद्वेषी वर्तनाच्या तक्रारी तिथे रोज काम करणाऱ्यांच्याच तोंडून नोंदल्या गेल्या.