राजकीय झायनवाद : ज्यू विचारवंतांची चिकित्सा

ज्यूंचा प्रश्न मुळात राजकीय आहे, आणि बड्या राष्ट्रांच्या संमतीने स्वतंत्र भूभाग मिळाल्याशिवाय तो सुटणार नाही, या थिओडोर हर्झल (१८६०–१९०४) यांच्या भूमिकेस राजकीय झायनवाद म्हणतात. या भूमिकेला अरबांनी केलेला विरोध सर्वपरिचित आहे. ज्यूंमधून झालेला विरोध चळवळीइतकाच जुना असला, तरी त्याची दखल कमी घेतली जाते. पहिली झायनवादी परिषद १८९७ मध्ये म्यूनिक येथे भरायची होती. तेथील ज्यू समाजाने आणि काही जर्मन रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) हरकत घेतल्यामुळे ती स्वित्झर्लंडमधील बाझल येथे न्यावी लागली. या रब्बींना हर्झल यांनी ‘निषेध-रब्बी’ असे उपहासाने म्हटले.

‘झायन’ (जेरुसलेम) यावरून आलेली ‘झायनवाद’ ही संज्ञा सामान्यतः व्हिएन्नाचे नाथान बिर्नबाउम (१८६४–१९३७) यांच्या नावे मांडली जाते. ती त्यांनी आपल्या ‘सेल्ब्स्टएमान्त्सिपात्सिओन’ (आत्ममुक्ती) या नियतकालिकात १८९० च्या सुमारास वापरली. तिला नेमका राजकीय अर्थ कधी चिकटला याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १८९० पासूनच मानतात. काहींच्या मते १८९२ च्या सुमारास, पॅलेस्टाईनमध्ये ‘केवळ वसाहती उभारणे’ आणि ‘राजकीय चळवळ करणे’ यांत भेद करण्याची गरज पडली तेव्हा तो रूढ झाला. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण त्याआधीच्या ‘झायनप्रेमी’ मंडळींना राजकीय मागणी अशी नव्हतीच. ते कसेही असो. शब्द देणारे बिर्नबाउम मात्र चळवळीत टिकले नाहीत. हर्झल यांच्याशी बिनसल्यावर ते यिडिश या पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेच्या कैवाराकडे वळले, १९०८ च्या चेर्नोविट्स भाषापरिषदेचे प्रवर्तक झाले आणि अखेरीस सनातनी होऊन ‘अगुदात इस्राएल’ या झायनवादविरोधी संघटनेत दाखल झाले.

बाझलच्या ठरावात ‘राज्य’ हा शब्द नाही. पॅलेस्टाईनमध्ये सार्वजनिक कायद्याने सुरक्षित असे ‘हाइमश्टेटे’, म्हणजे निवासस्थान वा घर, एवढीच मागणी आहे. शब्द मुद्दाम सैल ठेवला होता, कारण पॅलेस्टाईन तेव्हा तुर्की सुलतानाच्या ताब्यात होते. परिषदेनंतर हर्झल यांनी रोजनिशीत मात्र ‘बाझलमध्ये मी ज्यू राज्य स्थापन केले’ अशी नोंद केली. घर की राज्य, हा पुढच्या बहुतेक टीकेचा गाभा आहे.

पहिला भेदक टीकाकार चळवळीतलाच होता. ओडेसाचे हिब्रू निबंधकार आशेर गिन्झबर्ग (१८५६–१९२७) ‘अहद हाआम’ (लोकांपैकी एक) या नावाने लिहीत. १८८९ मधील ‘हा मार्ग नव्हे’ या लेखात त्यांनी घाईच्या वसाहतींवर टीका केली. १८९१ मध्ये पॅलेस्टाईन पाहून आल्यावर लिहिलेल्या लेखात त्यांनी स्पष्ट सांगितले, की हा देश ओसाड असल्याचा बाहेरचा समज खोटा आहे. वाळूच्या टेकड्या आणि खडकाळ डोंगर सोडले, तर पेरणी न झालेली लागवडीजोगी जमीन सापडणे कठीण. नव्या वसाहतकारांची अरब शेतकऱ्यांशी असलेली उद्दाम आणि क्रूर वागणूकही त्यांनी नोंदवली. बाझलला ते हजर होते. पण लग्नघरात सुतकी माणूस बसावा तसे आपण बसलो होतो, असे त्यांनीच लिहिले आहे. त्यांना राज्य नव्हे, ज्यू संस्कृतीचे आत्मिक केंद्र हवे होते. त्यांना ‘झायनवादविरोधी’ म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

सुधारणावादी ज्यूंचा आक्षेप निराळा होता. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींच्या १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात ‘आम्ही आता राष्ट्र नसून धर्मसमाज आहोत’ अशी भूमिका आहे. १९३७ च्या कोलंबस जाहीरनाम्यात ती बदलली. या विचाराचा सर्वांत परिणामकारक प्रवक्ता मात्र राजकारणी निघाला. ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री आणि स्वतः ज्यू असलेले एडविन माँटेग्यू यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानला जबाबदार राज्यपद्धती देण्याची सुप्रसिद्ध घोषणा केली. तीनच दिवसांनी त्यांनी ‘विद्यमान सरकारचा ज्यूद्वेष’ अशा जळजळीत शीर्षकाचे टिपण मंत्रिमंडळापुढे ठेवले. ज्यूंना स्वतंत्र राष्ट्र ठरवले, की प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकांना परके म्हणून हाकलायला मोकळा होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या ‘राष्ट्रीय घरा’ला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा जाहीर करणारा बाल्फोर जाहीरनामा निघाला (२ नोव्हेंबर १९१७) तेव्हा ते हिंदुस्थानच्या वाटेवर होते. तरीही इतर देशांतील ज्यूंच्या हक्कांना बाध येणार नाही, हे त्यातील कलम बव्हंशी त्यांच्या विरोधाचे फळ मानले जाते.

डावीकडून टीका केली ती १८९७ मध्येच व्हिल्ना येथे स्थापन झालेल्या ‘बुंद’ या ज्यू कामगार संघटनेने. ‘जिथे आहोत तिथेच लढू’ या तिच्या तत्त्वाला यिडिशमध्ये ‘दोइकाइट’ (इथलेपण) म्हणतात.

१९२५ मध्ये जेरुसलेममध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रित शालोम’ (शांती-करार) या मंडळाने अरब आणि ज्यू यांच्या समान हक्कांचे द्विराष्ट्रीय राज्य सुचवले. सभासद शंभराच्या आसपासच होते. परंतु त्यांत गेरशोम शोलेम, ह्यूगो बेर्गमान, हान्स कोन असे विद्वान होते. हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख ज्यूडा मॅग्नेस यांची गणना पुष्कळदा त्यांत होते, मात्र ते रीतसर सभासद नव्हते. पॅलेस्टाईनमधील १९२९ च्या अरब-ज्यू दंगलींनंतर कोन यांनी चळवळ सोडली. बारा वर्षांत आपण एकदाही इथल्या लोकांची संमती मिळवण्याचा गंभीर प्रयत्न केला नाही, असे त्यांनी त्या वेळच्या पत्रात लिहिले. पुढे अमेरिकेत ते राष्ट्रवादाचे इतिहासकार म्हणून नावाजले.

याच वर्तुळातील तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांचा महात्मा गांधींशी झालेला मतभेद भारतीय वाचकांस जवळचा वाटेल. ‘हरिजन’च्या २६ नोव्हेंबर १९३८ च्या अंकात गांधीजींनी पॅलेस्टाईन अरबांचे आहे असे लिहून जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. फेब्रुवारी १९३९ मध्ये बूबर आणि मॅग्नेस या दोघांनी त्यांना स्वतंत्र पत्रे लिहिली. राज्याच्या कल्पनेचे हे टीकाकार त्या पत्रांत मात्र भूमीवरील ज्यूंच्या नात्याचे समर्थन करतात. गांधीजींचे उत्तर उपलब्ध नाही.

न्यूयॉर्कमधील झायनवादी परिषदेत संमत झालेल्या १९४२ च्या बिल्टमोर कार्यक्रमाने पॅलेस्टाईनमध्ये ज्यू ‘कॉमनवेल्थ’ स्थापण्याची उघड मागणी केली. तेव्हा मॅग्नेस, बूबर प्रभृतींनी ‘इहुद’ (ऐक्य) हा पक्ष काढला. राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांनी ‘झायनवादाचा पुनर्विचार’ या निबंधात (१९४५), शेजाऱ्यांचा विरोध पत्करून उभे राहिलेले राज्य दूरच्या महासत्तेवर विसंबून राहील, असे बजावले. स्वतः शोलेम या निबंधावर संतापले होते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९३८ मध्ये सीमा आणि सैन्य असलेल्या राज्यापेक्षा अरबांशी समझोता बरा असे म्हटले होते. डिसेंबर १९४८ मध्ये मेनाहेम बेगिन यांच्या उजव्या राष्ट्रवादी पक्षाविरुद्ध ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आलेल्या पत्रावर आइन्स्टाइन आणि आरेन्ट या दोघांच्या सह्या आहेत.

१९४८ मध्ये इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर टीकेचा विषय बदलला. येशायाहू लाइबोविट्स (१९०३–९४) हे जीवरसायनशास्त्रज्ञ, हिब्रू विश्वकोशाचे संपादक आणि आचारनिष्ठ ज्यू. ते स्वतःला झायनवादीच म्हणवत. परंतु १९६७ मध्ये व्यापलेला प्रदेश सोडावा, अन्यथा राज्य आतून सडेल, असे ते सांगत राहिले. १९९३ मध्ये जाहीर झालेला इस्राएल पुरस्कार त्यांनी गदारोळानंतर नाकारला.

युरोपबाहेरील ज्यूंच्या मतांविषयी साधने तुटपुंजी आहेत. कोकणपट्टीतील मराठीभाषक बेने इस्राएल समाजास १८९७ च्या परिषदेचे आमंत्रण आले होते आणि झायनकडे परतणे ईश्वरी हातानेच घडेल, या श्रद्धेने त्यांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले.